गळ्यावरचा चौकोन

सत्य फार काळ दडवून ठेवता येत नाही, ते आपोआप बाहेर पडतं. हे वाक्य मी एकतीस वर्षं शाळेच्या परिपाठात, निरनिराळे शर्ट घालून म्हटलेलं आहे. तसं काही नसतं. छान दडवता येतं. मी पंधरा वर्षं दडवलं आहे, आणि तेवढ्या काळात माझं वजनसुद्धा कमी झालेलं नाही.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे हे धैर्य नव्हे, एवढं आधीच सांगून ठेवतो. पुढे कुठे मी धीट वाटू लागलो तर हे वाक्य आठवा.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. सालेकशाकडच्या आमच्या गावात धानाची शेती दोघांची, पण ती कागदावर. चिखलात उतरायचा तो, आणि मी हायस्कुलात भूमिती शिकवायचो. रोवणीच्या दिवसांत बांधीच्या, म्हणजे धानाच्या वाफ्याच्या, या टोकावर उभा राहून तो हाक मारायचा, ती चार बांध्या ओलांडून रेल्वेच्या रुळांपर्यंत जायची. एकदा तर म्हणे गाडीतल्या एका माणसानं खिडकीतून ओ दिली होती. ही गोष्ट दादाच सांगायचा, तेव्हा ती कितपत धरायची तुम्ही ठरवा.

तो आवाज बसला. आधी वाटलं बिडीनं, मग वाटलं थंडीनं. तीन महिने बसलेलाच राहिला तेव्हा नागपूरला नेलं. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा चारेक वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याला नवा कलेक्टर, नव्या पाट्या, सगळं मिळालं होतं, पण असल्या दुखण्याला नागपूरच गाठावं लागायचं. डॉक्टरबाईंनी नळी घालून पाहिलं आणि म्हणाल्या, स्वरयंत्रावर छोटीशी गाठ आहे, कॅन्सरची आहे, पण फार लवकर सापडली. ऑपरेशन नको, निव्वळ शेकानं बरी होण्यासारखी आहे.

शेक म्हणजे रेडिएशन. आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात, जशी काही गरम विटेनं पाठ शेकायची आहे.

'बरी होण्यासारखी' हे शब्द लक्षात ठेवा. मी ते विसरायचा खूप प्रयत्न केला आहे.

अडचण एकच होती. दादाच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं, अकरा दिवसांवर. डॉक्टरबाई थांबायला तयार नव्हत्या. शेवटी असं ठरलं की मंगळवारी शेक सुरू करायचा, शुक्रवारपर्यंत चार दिवस घ्यायचा, शनिवार-रविवारी मशीन बंदच असतं, तेवढ्यात गावी जाऊन हळद आणि लग्न उरकायचं आणि सोमवारी परत हजर व्हायचं. आखणी माझी. वेळापत्रकं करण्यात माझा हात कोणी धरत नाही, असं तेव्हा मला वाटायचं.

सोमवारी त्याच्या गळ्यावर खुणा केल्या. टेबलावर उताणं झोपवून, मान एका ठरावीक कोनात ठेवून, एक्स-रे पाहून, गळ्याच्या दोन्ही बाजूंना जांभळ्या शाईनं एकेक चौकोन काढला. काड्यांच्या पेटीपेक्षा थोडा मोठा, मध्ये अधिकची खूण. किरण जायचे ते एवढ्याच खिडकीतून. मशीन चालवणारा मुलगा चोवीस-पंचवीस वर्षांचा असेल. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, या रेघा म्हणजेच ट्रीटमेंट आहे. पाणी, साबण, तेल काही लावायचं नाही. आणि पुसट झाल्या तर घरी गिरवायच्या नाहीत हं. तशाच या, मला सांगा, मी परत आत घेईन."

मी काय म्हणालो सांगू? मी म्हणालो, "मी भूमितीचा शिक्षक आहे. रेघांची काळजी तुम्ही मला सांगू नका."

तो हसला. मला वाटलं, प्रभावित झाला.

पहिल्या दिवशी दादा आत गेला, ते भिंतीएवढं जाड दार बंद झालं, आणि बाहेरच्या छोट्या पडद्यावर मला माझा भाऊ दिसला. वीतभर, करड्या रंगाचा, टेबलावर एकटा. तो हलत नव्हता. हलायचं नाही असं सांगितलेलं होतं, पण न हलणारा दादा मी त्याआधी पाहिलेला नव्हता. झोपेतही तो कोणाशी तरी भांडायचा. दोन-अडीच मिनिटं गेली, घंटी वाजली, दार उघडलं. बाहेर येऊन तो बसक्या आवाजात म्हणाला, "काऊन गा मास्तर, मशीन चालू होती का बंद? मले तं काईच नाही लागलं. शेक म्हणते तं गरम तरी लागावं ना!"

चारही दिवस त्याची हीच तक्रार होती. दुखलं नाही म्हणजे दवाही नसावी, असा त्याचा संशय. धर्मशाळेत शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तो चौकोन दाखवून सांगायचा, "आमच्या इकडं गळ्याले शाई लावते मतदानाची." आणि मी? मी त्या पडद्यासमोर रोज उभा राहायचो आणि मनाशी म्हणायचो, निदान हे सगळं समजणारा माणूस त्याच्यासोबत आहे. हे वाक्य आता लिहितानाही मला घाम येतो.

शनिवारी हळद होती.

आमच्याकडे हळदीला नवरीपुरतं कोणी थांबत नाही. हाती लागेल त्याला माखतात, आणि नवरीच्या बापाला तर मेहुण्या आधीच हेरून ठेवतात. मी तेव्हा मांडवात होतो. पाहुण्यांमध्ये बसून शेकाच्या मशीनमधलं कोबाल्ट समजावून सांगत होतो. अणू म्हणजे काय, किरण डोळ्यांना का दिसत नाहीत, अर्धायुष्य कशाला म्हणतात. पाच-सहा जण माना डोलावत होते, त्यातला एक तर डोलावता डोलावता झोपला. त्या घरात मी अर्धायुष्यावर पाऊण तास बोललो. 'दादाच्या गळ्याला हात लावू नका' हे वाक्य मात्र कोणाला सांगितलं नव्हतं. दादाला सांगितलं होतं, पण चार मेहुण्यांनी धरलेल्या माणसाच्या सांगण्याला, तेही बसक्या आवाजातल्या, कोण विचारतो? वहिनींना तर मी एवढंच सांगितलं होतं की डॉक्टरांनी आंघोळ नको म्हटलंय. का, ते सांगितलं नाही. मला वाटलं, ते त्यांना कळणार नाही.

हळद आणि तेल गळ्यावर चांगलंच चोळलं गेलं. चार दिवसांच्या शेकानं तिथली कातडी हुळहुळी झालेली होती, तिथे आग सुरू झाली. वहिनींनी त्याला आत नेलं. आंघोळ नको म्हटलेलं त्यांच्या पक्कं लक्षात होतं, म्हणून आंघोळ घातली नाही. नुसता गळा, कोमट पाण्यानं, बेसन लावून, अलगद धुतला. दोन्ही बाजूंनी.

मी आत गेलो तेव्हा दादा धानाच्या खोलीत पोत्यावर बसला होता. अंगभर पिवळा, गळा तेवढा स्वच्छ. उजवीकडे चौकोनाची सावली होती. डावीकडे काहीच नव्हतं.

इथपर्यंत काही बिघडलेलं नव्हतं. हे नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे. सोमवारी जाऊन 'रेघा गेल्या' एवढे दोन शब्द बोलायचे होते. त्यांनी पुन्हा आत घेतलं असतं, एखादा दिवस खाडा झाला असता. बस. दोन शब्द! मी एकतीस वर्षं बोलण्याचा पगार घेतला. ते दोन शब्द मला का सुचले नाहीत?

सुचले होते. त्यांच्यामागोमाग तो मुलगाही दिसला. सगळ्या रांगेसमोर तो विचारणार, "सर, तुम्ही तर भूमितीचे ना?" मला दादाच्या गळ्यातली गाठ दिसली नाही हो. मला ते हसू दिसलं.

माझ्या पिशवीत कंपासपेटी होती आणि दाखल्यांवर नावं लिहायचा जांभळा मार्कर होता. रंग जुळतो का ते आधी स्वतःच्या मनगटावर पाहिलं. जुळत होता. मग दार लोटलं. बाहेर भोंग्यावर हिंदी गाणी चालली होती. मी उजवीकडची सावली गिरवली. डावीकडे काय करायचं? तिथे मी हुशारी केली. कंठमण्यापासून उजव्या चौकोनापर्यंतचं अंतर दोऱ्यानं मोजलं, कानाच्या पाळीपासूनचं मोजलं, आणि तेच अंतर डावीकडे घेतलं. काटकोन गुण्यानं तपासले. चौकोन सुरेख आला. इस्पितळातल्यापेक्षा सुरेख.

दादा हनुवटी वर करून बसला होता. म्हणाला, "तुले सांगतलं काय त्यायनं, काढाले?"

मी म्हणालो, "हो."

हा एक शब्द आहे. बाकीचं सगळं त्याच्या पुढचं-मागचं.

मांडवात तो गळ्याभोवती दुपट्टा घेऊन बसला, त्यामुळे माझी करामत कोणी पाहिली नाही. लग्न झालं, पोरगी सासरी गेली. सोमवारी आम्ही नागपुरात हजर होतो. मशीनवरच्या मुलानं दिवा मालवला, प्रकाशाची फुली माझ्या चौकोनावर आणली, ती बरोबर मध्ये बसली. "ओके," तो म्हणाला. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. चारही दिवस मी पडद्यासमोर उभा होतो. पडद्यावर रेघा दिसत नाहीत. नुसता माणूस दिसतो, न हलणारा.

आणि मला, खरं सांगतो, मंगळवारपर्यंत थोडा अभिमानच वाटत होता.

शुक्रवारी शेकाच्या आधी डॉक्टरबाईंनी गळा पाहिला. टेबलावर उताणं झोपवून पाहिला. आणि माझे चौकोन सरकले. मी दादाला बसवून, मान वर करायला लावून रेघा काढल्या होत्या. माणूस झोपला की कातडी सरकते, हे भूमितीच्या पुस्तकात नसतं. उजवा चौकोन पुसट सावलीवरून अंदाजानं गिरवलेला, तो थोडकाच सरकला होता, डावा तर चांगला बोटभर मागे होता. शिवाय माणसाच्या गळ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. दादाच्या तर नव्हत्याच. लहानपणी बैलानं ढुशी दिल्यापासून त्याची मान जराशी एका अंगाला कललेली होती. गावात सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

डॉक्टरबाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, "या रेघा आमच्या नाहीत. कोणी काढल्या?"

मी म्हणालो, "घरी लग्न होतं मॅडम. हळदीत घरच्या बाईनं गळा धुतला."

यात खोटा शब्द एकही नाही, तपासून पाहा. त्यांनी विचारलं होतं, काढल्या कोणी. मी उत्तर दिलं, पुसल्या कोणी. पेपर तपासताना अशा उत्तराला मी शून्य देत आलो आहे.

वहिनी आदल्याच दिवशी गावाहून आल्या होत्या, व्हरांड्यात डबा घेऊन बसल्या होत्या. त्यांना आत बोलावलं गेलं. डॉक्टरबाई दमलेल्या होत्या, चिडल्या. म्हणाल्या, "तुमच्यामुळे चार दिवसांचा शेक भलत्या जागी गेला. कळतं का तुम्हाला?" वहिनींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "होय जी, मीच धुतला. जळजळून राहिलं होतं त्यायले, म्हणून धुतला." मग हळूच विचारलं, "आता कसं होईन जी?"

मी तिथे होतो. हातभर अंतरावर. मशीनवरचा मुलगा माझ्याकडे पाहत होता. चार दिवस 'ओके' म्हणणारा तोच होता, त्यामुळे तोही बोलला नाही. मी भिंतीवरचं चित्र वाचत उभा राहिलो. बिडी ओढू नका, असं त्यावर होतं. दोनदा वाचलं.

रेघा पुन्हा काढल्या, चार दिवस वाढवून दिले. डॉक्टरबाई नंतर शांतपणे म्हणाल्या की एवढ्यानं फार बिघडायचं नाही. आवाज सुधारलाही. पुढच्या रोवणीला हाक दोन बांध्यांपर्यंत गेली. मी मनातल्या मनात बांध्या मोजत होतो, हे कोणाला माहीत नव्हतं.

दीड वर्षानं गाठ परत आली. कोणत्या बाजूला, ते मी विचारलं नाही. रिपोर्ट माझ्याच हातात होता. मी तो घडी करून पाकिटात ठेवला आणि पाकीट वहिनींकडे दिलं. वहिनींना इंग्रजी वाचता येत नाही.

ती माझ्या चौकोनामुळे परत आली का? एका ओळखीच्या डॉक्टरला मी एकदा विचारलं, 'माझ्या एका मित्राच्या बाबतीत' असं म्हणून. तो म्हणाला, असं सांगता येत नाही, नीट शेक मिळूनही काही जणांची परत येते. तुम्हाला वाटेल, यानं बरं वाटलं असेल. 'सांगता येत नाही' या वाक्यात तुम्ही कधी राहून पाहिलं आहे का? त्याला दार नसतं.

या वेळी ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं, गळ्याला भोक ठेवलं. मी शाळेतून एक पाटी नेऊन दिली, म्हणजे त्याला काही सांगायचं तर लिहिता येईल. दादा चौथी शिकलेला. मोठी, वाकडी अक्षरं काढायचा. बहुतेक वेळा बैलांबद्दल लिहायचा, नाहीतर मला शिव्या. एका दुपारी आम्ही दोघंच होतो. त्यानं बराच वेळ लावून काहीतरी लिहिलं आणि पाटी माझ्याकडे फिरवली.

'त्यायनं सांगतलं नोहोतं ना.'

मी मान हलवली. नव्हतं सांगितलं.

तेवढ्यात वहिनींची पावलं वाजली, चहा घेऊन येत होत्या. दादानं तळव्यानं पाटी पुसली. घाईघाईनं, पार कडेपर्यंत. वहिनी कप ठेवून जायला वळल्या तेव्हा त्यानं पुन्हा लिहिलं, 'चा पे.' मी प्यायलो. त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही, आणि सहा महिन्यांनी तो गेला.

त्यानं वहिनींना का सांगितलं नाही? मला वाचवलं, की मी स्वतः सांगेन म्हणून जागा ठेवली? मी दोन्ही उत्तरं आलटून पालटून घेतो. दिवसा पहिलं बरं वाटतं.

वहिनी मात्र सांगत राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला, पोरीला, विहिणीला. "मीच धुतला जी गळा. मले अक्कल नोहोती." मी अनेकदा तिथे बसलेलो असायचो. मी म्हणायचो, "वहिनी, जाऊ द्या आता, तुमची काही चूक नाही." उदार वाटायचं ते. बायका म्हणायच्या, दीर कसा समजूतदार आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण काही वर्षांनी पुतण्याचं लग्न निघालं, दादाच्या धाकट्या मुलाचं. हळदीच्या दिवशी वहिनी मागच्या पडवीत बसून होत्या. विधवा बाईनं हळद लावू नये, ही आमच्याकडची रीत. या रीतीविरुद्ध मी आयुष्यभर बोलत आलो आहे, आणि ते मला मनापासून पटतंही. मी माईक मागितला. आईपेक्षा पवित्र हात कोणाचा, असं म्हणालो. सावित्रीबाईंपासून सुरुवात केली. दहा मिनिटं बोललो, आवाजही थोडा भरून आणला, आणि शेवटी वहिनींना हात धरून मांडवात घेऊन आलो. सगळे उठून उभे राहिले.

हळदीची वाटी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी हात मागे घेतला. माझ्याकडे पाहून, मलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, "नोको भाऊजी. लोकायचं मी नाही मनावर घेत. पण हळदीच्याच दिवशी या हातानं तुमच्या दादाचा गळा धुतला. पोराले नाही लावत मी."

माईक माझ्या हातात होता. चालू होता.

मी तो बंद केला. लोकांना वाटलं, बिचारी रूढीच्या धाकातून बाहेर यायला तयार नाही. मास्तरांनी आपल्याकडून केलं. टाळ्या झाल्या. सरपंचांनी तिथल्या तिथे, समाजसुधारणेच्या कार्याबद्दल म्हणून, मला शाल आणि नारळ दिला. जाताना वहिनींनी शालीची नीट घडी करून, नारळासकट पिशवीत घालून, ती माझ्या हातात दिली.

त्या अजून आहेत. सालेकशापासून चार कोसांवर, त्याच घरात. मी दर महिन्याला जातो. चहा होतो.

शाल माझ्याकडे आहे. नारळ घरी येऊन फोडला, तो नासका निघाला.